हात वर केलेली बाई

—तेच तर म्हणतेय मी मादाम, फोटो काढायचा असेल तर आत्ताच काढून घ्या, उद्या तुम्हाला तिच्या पायाचं बोटसुद्धा दिसायचं नाही. उद्या मंत्री येणार, बँड येणार, इंग्लंडहून ते म्हातारे सैनिक येणार—बिचारे, छातीवर इतकी पदकं की पुढे वाकले तर तोल जायचा—आणि आमचे मेयर त्यांच्या त्या तिरंगी पट्ट्यात असे फुगून उभे राहतील की मागचा पुतळा झाकला जाईल. सैन्य उतरलं त्याला साठावं वर्ष ना! पन्नासाव्याला इतकं नव्हतं. पन्नासाव्याला निदान बसायला जागा होती. बसा, बसा ना, पण त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. या इथं बसा, खिडकीशी, इथून सरळ दिसते ती. ब्राँझची. हात वर, डोक्याचा रुमाल वाऱ्यावर, मागे समुद्र. 'स्वागत' असं नाव आहे तिचं, म्हणजे कागदोपत्री. गावातली पोरं तिला गोलकीपर म्हणतात. तशीच दिसते की! जणू समुद्राकडून कुणीतरी चेंडू मारलाय आणि ही बया आता झेलणार. हसू नका, आई आहे माझी ती. खरंच. मार्त ओंफ्रुआ. उद्या त्या फडक्याखालची पाटी उघडतील ना, तिच्यावर तेच नाव आहे—आणि ते नाव तिथं लागावं म्हणून या सोलांज ओंफ्रुआनं चाळीस वर्षं भांडण केलंय, म्हणजे मी. कॅफेही माझाच. आईच्या माहेरचा. कॉफी घेणार की सायडर? सकाळ आहे म्हणून काय झालं, सफरचंदच ते.

बरं, कॉफी. आणि ते पाकीट जरा बाजूला घ्या, सांडेल. काय आहे त्यात? फोटो? अहो, फोटोंना काय तोटा आहे इथं, वर बघा—भिंतीवर—तोच तो. सैन्य किनाऱ्यावर उतरलं त्या सकाळचा. मागे त्या चपट्या बोटी, तोंड उघडून पडलेल्या, पाण्यातून येणारी तुमची इंग्रज पोरं, कमरेपर्यंत भिजलेली, आणि पुढे किनाऱ्याच्या रस्त्यावर एक बाई, एकटी, दोन्ही हात आभाळात. चार वर्षं जर्मनांच्या टाचेखाली काढली आणि आता सुटका आली, म्हणून आनंदानं हात वर केलेली बाई! चेहरा दिसत नाही. तीच तर गंमत आहे, नेमका त्याच क्षणी वारा आला आणि रुमाल तोंडावर. चेहरा दिसला असता तर माझं आयुष्य—जाऊ दे. पोस्टकार्डावर आहे ती, कपांवर आहे, भांडी पुसायच्या फडक्यांवर आहे. चॉकलेटवरसुद्धा आहे, पण ते उन्हात ठेवलं की आधी हात वितळतात.

कळलं कसं की ती आई आहे? छान विचारलंत. सुटकेच्या विसाव्या वर्षी कळलं. तोवर हा फोटो गावात कुणी पाहिलाच नव्हता, काढणारा तुमच्याकडचा, लष्कराचा माणूस, काढून घेऊन गेला, आम्हाला काय पत्ता. मग विसाव्या वर्षी लंडनहून मोठा करून पाठवला कुणीतरी, आणि तेव्हाच्या मेयरनी शाळेच्या हॉलमध्ये लावला आणि सगळ्या गावाला बोलावलं—ओळखा! आमचं अख्खं तुर्मोंव्हिल गाव जमलं. मी अठरा वर्षांची, नवा निळा झगा घातलेला, शेजारी आई, तिच्या शेजारी बाबा. सगळे बघतायत, माना वाकड्या करून, आणि एकदम आमचा खाटीक, जाड्या, देव त्याला क्षमा करो, मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही बाई आहे की नांगऱ्या? हात बघा हिचे! आणि पायातले बूट बघा!" हॉल खदाखदा हसला. बाबांच्या मांडीवरची टोपी खाली पडली, मला आठवतंय, कारण मीच उचलून दिली. आणि आई ताडकन उभी राहिली. माझी आई—मेयरसमोर बोलायचं म्हटलं तर घाम फुटायचा तिला—ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझे हात आहेत ते. रोज पहाटे बारा गाई पिळून बघ, तुझेही तसेच होतील. आणि बूट सासऱ्याचे होते. आणखी काय विचारायचंय?" मला तर असं वाटलं, उडी मारून तिचा मुका घ्यावा.

आणि तेवढ्यात पलीकडून रेमोंद उठली. रेमोंद तुस्तँ, दगडकाम करणाऱ्या तुस्तँची बायको. ती म्हणे सकाळीच हॉलमध्ये डोकावून आली होती आणि पावाच्या दुकानात सांगत सुटली होती की ती फोटोतली बाई म्हणजे मीच. "मार्त," ती म्हणाली, "त्या दिवशी तू घराबाहेर तरी पडली होतीस का ग?" आई म्हणाली, "आणि तू तळघराबाहेर?" झालं! काय सांगू तुम्हाला. दोघींना ओढून बाजूला करायला पाद्री मध्ये पडला आणि त्याच्याच चष्म्याची काच फुटली. तेव्हापासून गावाचे दोन भाग झाले. ओंफ्रुआवाले या बाजूच्या कॅफेत, तुस्तँवाले चर्चमागच्या. शिंपले घ्यायला गेलं तरी कोळीण आधी विचारायची, तुम्ही कोणत्या बाजूचे, आणि मग वजन करायची.

नाही, तसं हसण्यावारीच नेलं असतं आम्ही. आम्ही म्हणजे—मी आणि आन्सेल्म. आन्सेल्म, रेमोंदचा मुलगा. आता तो कशाला आला मध्ये? मध्ये नाही आला, तो होताच. म्हणजे आमचं ठरलं होतं. सप्टेंबरात लग्न होतं. मेजवानी सांगून झाली होती, बदकं सांगून झाली होती, माझा झगा शिवून होत आला होता. हॉलमधून बाहेर पडलो तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो—त्या भिंतीला टेकून, ती बघा, आता तिथं बँक आहे. तो म्हणाला, "आपण लग्नात दोघींना हात वर करून उभं करू आणि बघू कोण शोभतं." मग दुसऱ्या दिवशी त्याची आई म्हणाली, मार्तनं चारचौघांत माफी मागितल्याशिवाय मी चर्चची पायरी चढणार नाही. आई म्हणाली, मग नको चढूस. आणि मग आन्सेल्म मला म्हणाला, "अग, तुझ्या आईला काय फरक पडतो, म्हणू दे ना माझ्या आईला." आणि मी म्हणाले, "म्हणजे माझी आई खोटं बोलते?" तो म्हणाला, "मग काय माझी बोलते?" आता बघा, यात दोघांचंही काही चुकलं नव्हतं, पण एकदा हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की परत आत घालता येत नाही. तो बायो शहरात गेला, तिथं कॅथेड्रलचे दगड नीट करण्याचं काम होतं, तिथंच कुणा मुलीशी लग्न केलं. चांगली होती म्हणे. बदकं मात्र खाल्ली आम्ही. तशीच. महिनाभर.

मी? मी नाही केलं. वेळ कुठं होता, कॅफे होता ना.

बाबा काय म्हणत होते? काही नाही! तोच तर स्वभाव त्यांचा. आईला एवढंच म्हणायचे, "मार्त, सोडून दे." ती म्हणायची, "फेर्नां, तू गप्प बस." आणि ते गप्प बसायचे. अबोल माणूस. युद्धाबद्दल तर मुळीच बोलायचे नाहीत. त्यांच्या वयाच्या पोरांना जर्मनीत कारखान्यात राबायला धरून न्यायचे ना, तर बाबा गेलेच नाहीत, गायब झाले, वर्षभर कुणाला दिसले नाहीत. आता दरवर्षी सहा जूनला, सैन्य उतरलं त्या तारखेला, इथं, याच टेबलांवर, गावातले पुरुष बसायचे आणि सुरू—एकानं टेलिफोनच्या तारा कापल्या, एकानं पूल उडवला, आमच्या न्हाव्याचं ऐकाल तर त्यानं निम्मी जर्मन फौज एकट्यानं संपवली. आणि मग कुणीतरी विचारायचं, "फेर्नां, तू कुठं होतास रे?" बाबा प्याल्याकडे बघत म्हणायचे, "मी गाईंजवळ होतो." बस. एवढंच. आणि सगळे एकदम गंभीर! केवढा विनम्र माणूस! हळूहळू गावात पसरलं की 'गाई' हे नक्कीच एखाद्या गुप्त टोळीचं नाव असणार. खरंच सांगते! एकदा काँ शहराहून एक प्राध्यापक आले, वही घेऊन, 'गाई' टोळीत किती माणसं होती म्हणून विचारायला. बाबा म्हणाले, "बारा. आणि एक बैल." प्राध्यापकांनी लिहून घेतलं.

मग चाळिसाव्या वर्षी हा पुतळा झाला. शिल्पकार पॅरिसचा. त्यानं विचारलं, चेहरा कुणाचा करायचा, मार्तचा की रेमोंदचा? मेयर घाबरले, म्हणाले, कुणाचाच नको. मग त्यानं स्वतःच्या बायकोचा केला. ते बघा ना नाक, असं टोकदार नाक या किनाऱ्यावर कुणाला आहे? पण पडदा उघडल्याबरोबर दोघी एकदम—"हे तर माझंच नाक!" आणि पाटीवर काय, तर नुसतं 'स्वागत', नाव नाही. झेंडा कुणी धरायचा, तर बाबांनी, कारण ते अग्निशमन दलाचे प्रमुख होते आणि त्यांची उंची होती. पुतळ्यासमोरून जाताना त्यांनी सलाम केला आणि कानापर्यंत लाल झाले. सगळे म्हणाले, बघा, बायकोबद्दल केवढं प्रेम. दर वर्षी लाल व्हायचे. जाईपर्यंत. आधी बाबा गेले, मग रेमोंद, मग आई. आईला शेवटीशेवटी शाळेतली पोरं भेटायला यायची, आजी आजी त्या दिवशीचं सांगा, आणि ती सांगायची, दर वर्षी थोडं जास्त. शेवटी शेवटी तर तिनं एका इंग्रज कॅप्टनला पाण्यातून ओढून काढलं होतं. बाबा असेपर्यंत ती सांगायला लागली की ते उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे. त्या कोंबड्या इतक्या जाड झाल्या होत्या!

तो? तो कोण? आन्सेल्म—हो, परत आला. बायको वारल्यावर. ते समोर दुकान दिसतंय ना, बाहेर दगडी क्रॉस ठेवलेलं, ते त्याचं. थडगी, पाट्या, स्मारकं. या किनाऱ्यावर त्या धंद्याला मरण नाही. मी म्हटलं, आलाय तर येऊ दे, पण आईचं नाव लावून घेतल्याशिवाय मी राहायची नाही. दर सोमवारी कॅफे बंद असतो, मग दर सोमवारी मी जायचे त्याच्याकडे, भांडायला. आता रिकाम्या हातानं कसं जायचं कुणाकडे, म्हणून सफरचंदाचा पाय भाजून न्यायचे. तो कॉफी करायचा. मग मी म्हणायचे, "तुझ्या आईचे हात किती छोटे होते, हातमोजे सहा नंबरचे." तो म्हणायचा, "फोटोत सगळं मोठं दिसतं." मी म्हणायचे, "मग नाक का नाही मोठं दिसत?" तो म्हणायचा, "सोलांज, आज दालचिनी जास्त पडलीय." असं अंधार पडेपर्यंत चालायचं. एकदा मला ताप होता, मी गेले नाही, तर संध्याकाळी हा दारात उभा, म्हणे, "आज भांडण नाही?" असा हट्टी माणूस.

आणि आता मार्चमध्ये एक दिवस मेयर आले, म्हणाले, सोलांज, अभिनंदन, तुस्तँनी हक्क सोडला. लिहून दिलंय. पाटीवर तुझ्या आईचं नाव लागणार, आणि कोरून देणार तोच, आन्सेल्मच. मी जिंकले! चाळीस वर्षांनी! आनंद? झाला की. न होऊन काय होतंय. मी सोमवारी गेले त्याच्याकडे, सफरचंदाचा पाय घेऊन, म्हटलं, काय रे, असा कसा हरलास? तर म्हणाला, "सप्टेंबरात मी तुलूझला चाललोय, मुलीकडे. दुकान विकतोय. मग कशाला उगाच लोंबकळत ठेवायचं?" तुलूझ! तिथं समुद्र आहे का? लोणी तरी आहे का? तेलात शिजवतात तिथं सगळं. मी म्हटलं, जा. सुखानं जा. मला काय. मी जिंकलेय. त्यानंतर एकाही सोमवारी गेले नाही, कशावरून भांडायचं आता? जिंकल्यावर फार रिकामा वेळ मिळतो हो माणसाला, हे कुणी आधी सांगत नाही.

बघा, तुम्ही मघापासून ते पाकीट असं हातात धरून बसलायत, अवघडून. द्या इकडे. काय म्हणालात? तुमचे वडील? हा फोटो काढणारे—ते तुमचे वडील? अहो मग आधी नाही का बोलायचं! इतका वेळ मी बडबडतेय! आणि गेले का ते? फेब्रुवारीत. अरेरे. कॉफीचे पैसे आता काढूच नका. आणि त्यांच्या पेटीत हे सापडलं, त्याच सकाळचं, पुढचं चित्र? त्याच रिळातलं, लगेच पुढचं? छापलंच नाही कुणी? थांबा, हात पुसते. चष्मा. चष्मा कुठं—डोक्यावर, हो, थँक्यू.

हं. हा रस्ता. ह्या बोटी. हा आमच्या शेताच्या कोपऱ्यावरचा खांब, अजून आहे. हा एक इंग्रज शिपाई, बंदूक खाली धरलीय आणि वाकून—पोट धरून हसतोय हा? आणि ही बाई. रुमाल खाली पडलाय. केस—केस कापलेले. अगदी बारीक. अग बाई, आणि घागरा वर खोचलाय, खाली पँट आहे. पँट. पुरुषाची. आणि कान—

कान.

थांबा हं. जरा थांबा. उजेडात बघू द्या.

मादाम, हे सुपासारखे कान या किनाऱ्यावर दोनच माणसांना आहेत. त्यातली एक मी. केस मोकळे सोडते, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. हे बघा.

बाबा आहेत हे. हे माझे बाबा आहेत. आजीच्या घागऱ्यात! अहो, म्हणजे वर्षभर गायब—म्हणजे ते कुठं गेलेच नव्हते? घरीच? जर्मन शिपाई दारावरून रोज जायचे आणि गोठ्यात जी मोठ्या हाताची पोरगी दूध काढत बसलेली असायची ती—गाईंजवळ होतो! गाईंजवळच होते! कप्पाळ माझं! उभ्या आयुष्यात एक अक्षर खोटं बोलले नाहीत! आणि ही कोपऱ्यात बघा, ही शेपूट, गाय आहे ही, तोफांनी बिथरून सुटली असणार, तिच्यामागे धावत आले असणार रस्त्यावर. आणि तुमच्या वडिलांच्या फोटोत—काय? पहिल्या फोटोत डावीकडे हा शिपाई होता, पण छापताना कापला? त्यानं घागऱ्याखाली बूट पाहिले आणि त्याला वाटलं, वेष बदललेला जर्मन आहे, म्हणून बंदूक रोखली? म्हणजे हे हात—हे स्वागत नाही. हे आपलं—गोळी नका घालू! वीस वर्षं आम्ही झेंडा घेऊन कुणाच्या समोर उभे आहोत? शरण आलेल्या एका घाबरलेल्या पोरासमोर! आणि तो झेंडा कुणाच्या हातात? त्याच्याच! लाल नाही होणार तर काय होणार!

काय म्हणायचे तुमचे वडील घरी? 'फ्रान्समध्ये मला भेटलेल्या पहिल्या मुलीनं दाढी केली नव्हती'? अहो देवा. अहो, पोट दुखायला लागलं माझं. थांबा. हसतेय मी, रडत नाहीये, हे आपलं डोळ्यांतून—जरा तो रुमाल द्या. नाही, तो नको, त्याच्यावर तीच आहे.

आणि आईला माहीत होतं. मादाम, माझ्या आईला माहीत होतं. तेव्हा तिचं बाबांशी ठरलेलं होतं, पलीकडेच राहायची, रोज यायची गोठ्यात, तिला माहीत नसेल? त्या हॉलमध्ये तो खाटीक म्हणाला ना, बाई आहे की नांगऱ्या—आणि सगळे हसले, आणि बाबांची टोपी पडली. आणखी दोन मिनिटं लोकांनी त्या बुटांकडे बघितलं असतं तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. तेव्हाचं वातावरण तुम्हाला नाही कळायचं. त्या वेळी प्रत्येकानं पूल उडवलेला होता! आणि माझा बाप घागरा घालून—गाव जगू दिलं नसतं त्याला. खाटकानं तर दुकानावर घागरा टांगला असता. म्हणून ती उठली. 'माझे हात आहेत ते.' तिला कसली हौस फोटोत असण्याची! आणि रेमोंदपुढे माघार कशी घेणार, घेतली की लोक म्हणणार, मग आधी का उठलीस? मग परत फोटोकडे बघणार. म्हणून ती तशीच उभी राहिली. मरेपर्यंत नवऱ्याच्या पुढे उभी राहिली. माझ्या लग्नाच्या वेळीही. तेव्हा तिनं माझ्याकडे कशी नजर टाकली होती मला आठवतंय, मला वाटलं होतं, रागानं बघतेय.

नाही, ठीक आहे मी. ठीक आहे. पाणी घेतलंय.

आणि भित्रे नव्हते हं ते. भित्रे म्हणू नका. नव्हतात म्हणत? बरं. जर्मनांच्या नाकासमोर रोज घागरा नेसून दूध काढायचं, एखाद्या शिपायानं गालाला हात लावला असता तर खेळ खलास! मी तर म्हणते न्हाव्यापेक्षा जास्त—पण ती पाटी! उद्या सकाळी मंत्री ती पाटी उघडणार! आईचं नाव! नाही, नाही, असं नाही चालणार. ती सगळं आयुष्य त्यांना झाकत उभी राहिली, आता बास. आता त्यांना कोण हसणार आहे? हसले तर हसू दे, मीही हसलेच. आन्सेल्म! बसा तुम्ही, मी दारातूनच हाक मारते. आन्सेल्म! अरे ती छिन्नी ठेव आणि इकडे ये! नाही, भांडायला नाही! —म्हणजे हो, भांडायलाच, ये तू!

येतोय बघा. कशी चाल आहे, सत्तरीचा म्हातारा असल्यासारखी, साठच आहे तो. ये. बस. ह्या मादाम, लीड्सहून आल्यात, तो फोटो ह्यांच्या वडिलांचा. चष्मा लाव. हे बघ. नाही, मी काही सांगणार नाही, तूच बघ. बूट बघ. कान बघ.

हसतोय. बघा, हसतोय हा. मादाम, त्या बँकेच्या भिंतीनंतर ह्याला असं—काय? काय म्हणालास? परत म्हण. तुझी आई तळघरात होती? दुपारपर्यंत? बटाट्याच्या पोत्यात डोकं घालून! म्हणजे माझ्या आईनं हॉलमध्ये मारलेला टोमणा—खराच लागला होता तिला! आणि तुला हे कधी सांगितलं तिनं? मरताना! अरे, म्हणजे तेव्हापासून तुला माहीत होतं की ती तुझी आई नाही, आणि मी दर सोमवारी येऊन घसा कोरडा करतेय, हातमोज्यांचे नंबर सांगतेय, आणि तू समोर बसून 'फोटोत सगळं मोठं दिसतं'? लाज नाही वाटली? का नाही सांगितलंस मला? बोल ना. आता का दगडासारखा—

काय?

'सांगितलं असतं तर आली नसतीस.'

असं.

बरं. बरं, ते नंतर बघू. पाटीचं बोल. ती आत्ताच्या आत्ता काढायची, आणि त्या जागी बाबांचं नाव घालायचं. फेर्नां ओंफ्रुआ. आडनाव तेच आहे, फक्त पहिलं नाव बदलायचं. का नाही? आईचंच राहू दे? उभी तर ती राहिली म्हणे! अरे पण हात त्यांचे आहेत! तुला काय कळतंय त्यातलं! दोघांचं? दोघांचं एका पाटीवर कसं मावेल, ती केवढीशी आहे! मोठी पाटी? मोठ्या पाटीला दगड आँजेहून मागवावा लागतो? किती दिवस? ख्रिसमस! ख्रिसमसपर्यंत ती गोलकीपर बिनपाटीची उभी राहणार? आणि तुझं तुलूझ? दगड आल्याशिवाय कसा जाणार म्हणे. म्हणजे ख्रिसमसपर्यंत—आणि मेयरला आज काय सांगायचं? मी सांगणार? मीच का? तू लिहून दिलंयस हक्क सोडला म्हणून, तूच जा! नाही, तू म्हणालास तसं मुळीच होणार नाही, आधी बाबांचं नाव, मग आईचं! खाली! खाली म्हणजे खाली!

मादाम, तुम्ही अजून इथंच? फोटो ठेवा, उद्या देते. कॅफे बंद आहे आज. हो, टेबलं रिकामी आहेत, दिसतंय मला, तरी बंद. या आता. आणि दार जरा जोरात ओढा, लागत नाही ते.